तीनतालाची खाली आणि हरिओमचा जनरेटर

धाड, जि. बुलढाणा
ज्येष्ठ संपत आला

समस्त कोथिंबीर-मेथी-पालकाचे पालनकर्ते, जानेफळनिवासी, आमचे गुरुबंधू मोतीराम यांस धाडहून भाऊराव पेटीवाल्याचा सप्रेम जय भीम आणि रामराम. (दोन्ही घे. एकाने तू हलणारा नाहीस.)

पाकिटावरचं अक्षर पाहून तू आधी चष्मा पुसशील, मग वहिनींना विचारशील, "काऊन, कोनी गेलं काय?" तर कोणी गेलेलं नाही. सगळे जागच्या जागी आहेत. तुझी तब्येत कशी आहे, हे रीत म्हणून विचारतो. डाव्या गुडघ्यातलं पाणी काढलं, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू झाला, डाव्याचा दिवाळीनंतर ठरला आहे, आणि बुधवारच्या बाजारात तू वहिनींच्या चोरून जिलबी खातोस, हे सगळं मला पाठ आहे. आपण दोघं अडतीस वर्षं बोललो नाही, पण आपल्या बायका आठवडाभर बोलल्याशिवाय कधी राहिल्या नाहीत. आधी पोस्टकार्डं होती, मग एसटीडीची टपरी झाली, आता तर एकमेकींना भाजी कशी झाली ते फोनवर दाखवतात. दीपमाला फोन घेऊन ओसरीत बसली की मी पेपर उघडतो आणि पान न उलटता अर्धा तास वाचतो. (संजीवनीवहिनींचा आवाज अजून पांढरी पाचच्या पट्टीत आहे. त्यांना माझा नमस्कार सांग. मी ऐकत असतो, हे सांगू नकोस.)

माझं म्हणशील तर ठीक आहे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. एकतीस वर्षं शाळेत पेटीवर बोटं ठेवून पोरांकडून सा रे ग म म्हणवून घेतलं. त्यातले दोघे सुरात निघाले आणि दोघेही पोलिसात गेले. आता सकाळी फिरणं, दुपारी झोप आणि संध्याकाळी शेजाऱ्यांच्या रेडिओतल्या चुका काढणं, असा दिनक्रम आहे.

पत्रास कारण एवढंच, की गुरुजींनी आपल्याला भीमपलासात दिलेली ती मध्यलयीची चीज तुला आठवत असेल. तिचा अंतरा मला आठवेनासा झाला आहे. तेवढा एका कागदावर लिहून पाठव, माझं काम झालं. पण अडतीस वर्षांनी चार शब्दांचं पत्र आलं तर तू म्हणशील, भाऊ आधीसारखाच आखडू आहे. म्हणून हा अंतरा कुठे आणि कसा हरवला, ते जरा सविस्तर सांगतो. कोथिंबिरीला पाणी सोडून ये आणि मग वाच.

समता म्हणजे माझी नात, थोरल्याची मुलगी. संगणकाचं शिकून पुण्यात नोकरीला लागली आहे. तिच्या कचेरीत घरून काम केलेलं चालतं, म्हणून उन्हाळाभर आमच्याकडे होती. (घरून काम म्हणजे कॉम्प्युटर मांडीवर आणि आंबा हातात.) एक दिवस ट्रंकेतून जुना अल्बम काढताना तिच्या हाती एक फोटो लागला. मेहकरला गुरुजींच्या अंगणातला, शहाऐंशी सालच्या गुरुपौर्णिमेचा. मधोमध तू, बेलबॉटमची फॅशन जाऊन जमाना झाला होता तरी बेलबॉटममध्ये. तुझ्यापुढे सतरंजीवर ते दोन चंदेरी डबे. आणि कडेला मी, पेटीवर हात ठेवून, रुसलेल्या जावयासारखा. फोटो पाहून पोरगी अशी किंचाळली की दीपमालाला वाटलं ट्रंकेत विंचू निघाला.

तिचं म्हणणं असं, की जपानी कंपनीचे हे विजेवर वाजणारे डबे निघाले तेव्हा कोणालाच नको होते. वाजवणाऱ्यांना त्यांचं पुस्तक कळेना, म्हणून त्यांनी ते येईल त्याला देऊन टाकले. मग परदेशात काही पोरांनी त्यांची बटणं नको तिकडे पिळली आणि त्यातून जो आवाज निघाला त्यावर अख्खी दुनिया नाचायला लागली. त्या संगीताच्या नावात ॲसिड आहे. (मला आधी तो सोनाराच्या दुकानातला प्रकार वाटला.) ती मला हलवून हलवून म्हणत होती, "आजोबा, तिकडे हे सुरू होत होतं, त्याच सुमारास मोतीराम आजोबा मेहकरला यावर भीमपलास वाजवत होते! तुम्ही कधी बोलला का नाहीत?" मी म्हणालो, बोलायचं काय त्यात, मोत्या तेव्हा असलं काहीबाही करायचा. पण फोटो मी अल्बमात परत ठेवला नाही. तो अजून माझ्या टेबलावर आहे.

मग तिला सगळं सांगावं लागलं. तू तेव्हा लग्नाच्या बँडमध्ये बेंजो वाजवायचास. मुंबईला गेलास आणि कुठल्याशा ऑर्केस्ट्रावाल्याने वैतागून टाकलेले हे दोन डबे घेऊन आलास. एक डबा ढुम्-टिस करायचा, दुसरा मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा कुंईऽऽव करायचा. तू मध्यरात्रीच्या गाडीने उतरून, तोंड न धुता माझ्या खोलीवर आलास आणि म्हणालास, "भाऊ, पाह्य बे पाह्य! सोळा बटनं हायेत याले. मोजून सोळा! तीनताल हाय ना हा!" मी तुला वेडा म्हणालो होतो. तुला ते आठवत नसेल. आठवत असेल तर विसर.

त्या पौर्णिमेला आई सकाळी वर्षावासाच्या वंदनेला विहारात गेली आणि मी दुपारी पेटी घेऊन गुरुजींच्या अंगणात आलो. गुरुजी सहदेवबुवा म्हणजे किती कडक, हे समताला मी माझ्या परीने करून दाखवलं. (तिला हसू आलं. आपल्याला कधी आलं नव्हतं.) सगळ्यांची गाऊन हजेरी झाल्यावर तू डबे मांडलेस, उघड्या वायरी सॉकेटात काड्यापेटीच्या काड्यांनी खोचल्यास आणि सुरू केलंस. गुरुजी पाच-सात मिनिटं डोळे मिटून बसले. मग मधूनच उठले आणि आत निघून गेले. सगळ्या शिष्यांनी ते पाहिलं, तूही पाहिलंस. तू बटण दाबून डबा बंद केलास आणि वायर गुंडाळायला लागलास. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर मला विचारलंस, "गुरुजी काई म्हने काय?" मी म्हणालो, "काही नाही." तू जानेफळच्या गाडीत बसलास, तो पुन्हा कुठल्याच पौर्णिमेला आला नाहीस. गुरुजी गेले त्या दिवशीही मागे उभा राहून परस्पर परतलास. वाजवणं सोडलंस आणि कोथिंबीर लावलीस. तिचं भलं झालं.

तर आता गोष्ट अशी झाली की समताच्या कॉम्प्युटरमध्ये हुबेहूब त्या डब्यांचे आवाज आहेत. पडद्यावर तसाच चंदेरी डबा दिसतो, तशीच सोळा बटणं. ती माझ्यामागे लागली, की मला भीमपलास शिकवा, मी यात भरते, प्रसेनजित काकाच्या लग्नात वाजवू. मी ठाम नाही म्हणालो. म्हणालो, राग ही काय पीठ भरायची पिशवी आहे का? यंत्राला काय कळतं? तेव्हा दीपमाला आतून म्हणाली, "मंग तुमचा तानपुरा कोन छेडते सकायी?" (मी गेली बावीस वर्षं प्लगात खुपसलेल्या तानपुऱ्याच्या डबीवर रियाज करतो, हे तुला ठाऊक नसेल. वहिनींनी सांगितलं असेल तर ठाऊक असेल.) मग मी भीमपलास शिकवला.

आणि मोत्या, खरं सांगतो. तिने पडद्यावर मध्यमावरून गंधारावर यायचं एक बटण दाबलं आणि तो कुंईऽऽव आवाज मधली जागा न सोडता, घसरत, गंधाराला अगदी अलगद येऊन टेकला. गुरुजी आयुष्यभर माझ्या पेटीकडे बोट दाखवून म्हणायचे, हिला मींड येत नाही, ही एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारते, चालत जात नाही. नऊ वर्षं मी हे रोज ऐकलं. आणि हा टिनपाट डबा चालत गेला. मी समताला म्हणालो, पुन्हा दाब. तिने सात-आठ वेळा दाबलं. मग मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो आणि पाणी न पिता परत आलो.

त्यानंतर मी एकच अट घातली. तिच्या यंत्राचं ढुम् ढुम् अखंड चालायचं, गिरणीसारखं. मी म्हणालो, हा तीनताल नव्हे. तीनतालात सोळा मात्रांचे चार भाग, त्यातल्या तिसऱ्या भागावर टाळी नाही, तिथे हात मोकळा बाहेर टाकायचा, डग्ग्याची घुमक काढून घ्यायची. त्याला खाली म्हणतात. ती नसेल तर ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळत नाही. समता म्हणाली, "आजोबा, नाचताना मध्येच बेस गेला तर लोक थांबतील." मी म्हणालो, थांबू देत, खाली पाहिजे. तिने नवव्या मात्रेपासून बाराव्यापर्यंत ढुम् काढून टाकलं, वरचा आवाजही तिथे थांबवला. वर मी लयही निम्मी करायला लावली. त्यामुळे खाली झाली एका सावकाश जांभईएवढी. पोरीने सांगितलं ते तिथेच ऐकायला हवं होतं.

लग्न धामणगाव बढ्याला होतं. प्रसेनजित माझा धाकटा पुतण्या, नवरी प्रेरणा तिथलीच. साडेबाराला त्रिशरण-पंचशील होऊन मंगल परिणय नीट पार पडला, फुलं पडली, जेवणं झाली. डीजेवाला संध्याकाळी वाजवणार होता. पण भीमपलास कलत्या दुपारचा, तो संध्याकाळी कसा वाजवणार? मी हटून बसलो, चार वाजता म्हणजे चार वाजता. मे महिन्याचं ऊन, पत्र्याचा मांडव, आणि पोटात वांग्याची भाजी, वरण-भात आणि बुंदी गेलेले चारशे पाहुणे. निम्मे खुर्च्यांवर आडवे होते. नवरीकडची मंडळी कौतुकाने म्हणत होती, नवरदेवाचे काका मोठे गवई आहेत. (तू असतास तर हसला असतास. तू नव्हतास म्हणून मी मान्य केलं.)

इथे हरिओमची ओळख करून दिली पाहिजे. हरिओम म्हणजे त्या कार्यालयाचा जनरेटरवाला. पन्नाशीचा गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानामागे टेस्टर. अठरा वर्षांत त्याने एकाही लग्नात लाइन गेल्याचं कळू दिलेलं नाही, अशी पंचक्रोशीत ख्याती. मागच्या शेडात त्याचा जनरेटर आणि तो स्वतः दारात, वधूपित्याहून जास्त काळजीत.

समताने डीजेच्या खोक्यांना कॉम्प्युटर जोडला आणि सुरू केलं. ढुम् ढुम् झालं तशी पोरं उठली. वरून तो आवाज भीमपलासात घसरत आला, पोरांना काय कळलं कोण जाणे, पण नाचायला लागली. आठ मात्रा उत्तम गेल्या. नवव्या मात्रेवर ढुम् गायब. सगळे हात वर केलेल्या अवस्थेत थांबले आणि एकसुरात ओरडले, "लाइन गेलीऽऽ! हरिओमभाऊ!" हरिओम शेडाकडे पळाला. तो अर्ध्या वाटेत असताना तेरावी मात्रा आली, ढुम् परत आलं, पोरं पुन्हा नाचू लागली. हरिओम कपाळ पुसत माघारी फिरला, तर पुन्हा खाली. पुन्हा "हरिओमभाऊ!" असं तीनदा झालं. चौथ्या वेळी तो शेडातच दबा धरून बसला, नववी मात्रा जाताच त्याने हँडल मारलं आणि जनरेटर भकभक करत नेमका तेराव्या मात्रेवर धरला. इकडे ढुम् आलं, तिकडे जनरेटर सुरू झाला. अख्ख्या मांडवाने हरिओमसाठी टाळ्या पिटल्या. त्याने शेडाच्या दारात येऊन हात जोडले. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या कुठल्याही तानेला इतक्या टाळ्या पडल्या नाहीत, मोत्या.

आता या सगळ्या गोंधळात एक बाई थांबत नव्हती. नवरीची आत्या पंचफुलाबाई, सत्तरी ओलांडलेली, डोईवर पदर, मधोमध एकटी नाचत होती. ढुम् गेलं की ती हात असा बाहेर टाकायची आणि ढुम् आलं की आत घ्यायची, बरोब्बर. तिला कोणी खाली शिकवली असेल? नवरीच्या बहिणीने विचारलं, आत्या, लाइन गेली तरी तुम्ही काय नाचून राह्यल्या? तर ती म्हणते कशी, "कुठी गेली लाइन? जात्यावर हात पल्याड जाते तव्हा दयन थांबते काय? येते ना फिरून." मी एकतीस वर्षं फळ्यावर खडूने खाली समजावली, ती या बाईने एका वाक्यात संपवली. पोरींनी तिचं पाहून हात बाहेर टाकायला सुरुवात केली, त्यांचं पाहून पोरांनी, आणि दोन-चार आवर्तनांत सगळा मांडव नवव्या मात्रेला तळवा बाहेर टाकून तेराव्याची वाट बघायला शिकला. खुर्च्यांवर आडवे झालेलेही उठून बसले.

हे फक्त शेडातल्या हरिओमला माहीत नव्हतं. त्याला वाटलं लाइन लपंडाव खेळते आहे, आता सामान जळणार. म्हणून पुढच्या खालीला त्याने धीर करून सगळा मांडव जनरेटरवर टाकला. एवढी मोठी खोकी, पंखे, आइस्क्रीमचा फ्रीज, सगळं एकदम अंगावर आल्यावर त्या म्हाताऱ्या जनरेटरने एक उचकी दिली आणि मान टाकली. हरिओमने घाबरून खटका परत फिरवला, तर फ्यूज उडाला. आता खरंच सगळं गेलं. आणि मोत्या, एकही माणूस ओरडला नाही. चारशे माणसं तळवा बाहेर टाकून शांत उभी. चार मात्रा झाल्या, आठ झाल्या, सोळा झाल्या. लोकांना वाटलं, खाली आहे, येईल फिरून. हरिओम शेडाच्या दारात येऊन उभा राहिला. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातून लाइन गेली, आणि कोणी शिवी देईना, हे पाहून तो बिचारा रडकुंडीला आला.

काहीतरी करणं भाग होतं. मी हाताने टाळी दिली. एक, दोन, तीन, चार. पंचफुलाबाईंनी दिली. मग मांडवाने दिली. टाळी, टाळी, खाली, टाळी. ना पेटी, ना डबा, ना माईक. मी भीमपलासातली ती गुरुजींची चीज धरली. आवाज वरच्या षड्जाला फाटला, पण लोकांनी टाळी सोडली नाही. दोनदा मुखडा झाला आणि अंतऱ्याला तोंड उघडलं, तर शब्द नाहीत. एकही नाही. मी सवयीने डावीकडे पाहिलं. गुरुजींसमोर गाताना मी अडलो की तू डावीकडून हळूच पहिला शब्द टाकायचास, तशी सवय. डावीकडे आइस्क्रीमचा फ्रीज होता.

मग मी पुन्हा मुखडाच घेतला. लोकांना काही कळलं नाही. हरिओमने फ्यूजला तार बांधली, ढुम् आलं, लोकांनी अशी आरोळी ठोकली की बस. विहीणबाई मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या डीजेनं लय दम खाल्ला, पन सोडलं नाई." याचा अर्थ मी स्तुती असा घेतला आहे. समताने त्याचा व्हिडिओ केला आहे, त्यात मी थोडा आणि हरिओम जास्त आहे. पण घरी येताना जीपमध्ये मी सगळा वेळ त्या अंतऱ्याचाच विचार करत होतो.

तर असा तो अंतरा हरवला. तेवढा पाठव. गुडघ्याला ऊन मिठाचा शेक दे, जिलबी कमी कर, आणि वहिनींना पुन्हा नमस्कार.

तुझा गुरुबंधू (अजून म्हणू देशील तर),
भाऊराव

ता. क. पहिला : अंतरा पाठवू नकोस. लग्नाहून आलो त्याच संध्याकाळी वहीत सापडला, तुझ्याच अक्षरात. अंतऱ्यासाठी पत्र लिहिलं हे खरं नाही.

ता. क. दुसरा : खरं काम असं, की समताला तो खरा डबा पाहायचा आहे. तू डबे पैनगंगेत टाकले असं सगळ्यांना सांगितलंस. पण खंडेनवमीला विळा, कुदळ आणि फवारणीच्या पंपाशेजारी ते दोन डबे पुसून मांडतोस, झेंडू वाहतोस आणि संध्याकाळी पुन्हा फडक्यात बांधून माळ्यावर ठेवतोस, हे वहिनींनी दीपमालाला आणि दीपमालाने पेपर वाचणाऱ्या मला सांगितलं. येत्या आषाढी पौर्णिमेला धाडला शाळेच्या सभागृहात आम्ही गुरुजींसाठी बैठक करतो आहोत. डबे घेऊन ये. काड्यापेटी लागणार नाही, मी नवा प्लग आणून ठेवला आहे.

ता. क. तिसरा : हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्या दिवशी गुरुजी उठून आत गेले ते रागाने नव्हे. त्यांना लघवीचा त्रास होता आणि तुझं वाजवणं काही संपेना. दुसऱ्या दिवशी सकाळी सुपारी कातरत त्यांनी मला सांगितलं ते शब्दाला शब्द असं, "मोत्याले सांगजो, भाऊच्या पेटीत नाई ते त्याच्या डब्यात हाय. मींड हाय. फक्त खाली नाई. खाली दाखव म्हना, अन् पुढच्या पुनवेले पयले तूच बसजो." हा निरोप खिशात घेऊन मी स्टँडवर आलो. तू विचारलंस आणि मी म्हणालो, काही नाही. नऊ वर्षं मी त्यांच्या शेजारी पेटी धरली, मला एक चांगला शब्द मिळाला नाही, आणि तुझ्या डब्याला सात मिनिटांत मिळाला. फार जळलो होतो मी, मोत्या. वाटलं, आठवड्याने सांगू. मग वाटलं, पुढच्या पौर्णिमेला सांगू. तू आलाच नाहीस. गुरुजी गेले तोवरच्या पाच पौर्णिमा त्यांनी सतरंजीवरची पहिली जागा रिकामी ठेवली. बाकीच्यांना वाटायचं, ती देवासाठी आहे. ती कोणाची होती, हे दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक गप्प होता. समताच्या यंत्रात मी हट्टाने खाली घातली ती याचसाठी. वाटलं, डब्याला खाली आली म्हणजे निरोप पोचल्यासारखं होईल. तसं होत नाही. माझं चुकलं.

ता. क. चौथा (पेन्सिलीने, तुझ्याकडे येताना जीपमध्ये लिहिला, म्हणून अक्षर असं आहे) : पत्र टपालात टाकत नाही. माझ्या हातून निरोप एकदाच पाठवला गेला होता, तो कसा पोचला ते वर लिहिलंच आहे, म्हणून या वेळी स्वतः घेऊन आलो. एव्हाना वहिनींनी तुला चष्मा दिला असेल आणि त्या चुलीकडे गेल्या असतील. तू हे वाचतोस तेव्हा मी तुझ्या ओट्यावर, तुझ्या डावीकडे बसलो आहे आणि कोथिंबीर फार चांगली आली आहे असं तोंड करून शेताकडे बघतो आहे. शिव्या द्यायच्या असतील तर सावकाश दे, परतीची गाडी साडेपाचला आहे. वाचून झालं असंन तर मान वर कर ना बे.